संस्था ठरेपर्यंत

दत्तप्रसादांचा फोन आला तेव्हा मी साडी नेसत होते, आरशाकडे पाठ करून. हल्ली मी आरशाकडे पाठ करूनच कपडे बदलते. एकटी राहत असल्यामुळे कोणी कारण विचारत नाही, हा एक फायदा.

"उल्काताई, शकूचं वर्ष आलं," ते म्हणाले. "विधी साधा करू. जेवणावळ नको असं मी आणि भाग्यश्रीनं ठरवलंय. त्यापेक्षा कॅन्सरचं काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला तिच्या नावानं देणगी देऊ. पण संस्था तुम्ही निवडायची."

"मीच का?"

"अहो, तुम्हाला फसवणारा अजून पुण्यात जन्माला यायचाय."

शकू माझी धाकटी बहीण. स्तनाच्या कर्करोगानं गेली. दत्तप्रसाद तिचे यजमान, भाग्यश्री तिची एकुलती एक मुलगी. दत्तप्रसादांना माझं कौतुक करायचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. मी एका विमा कंपनीत दावे तपासत असे. माणसं काय काय लपवतात, हे बघण्यात माझी उभी नोकरी गेली. पॉलिसी घ्यायच्या आधीपासून मधुमेह, आधीपासून छातीत दुखणं, आणि समोर बसून चेहरा कसा, तर नुकत्याच न्हाऊन आलेल्या बाळाचा. मी एकच प्रश्न विचारायची. आजार पहिल्यांदा कधी लक्षात आला? उत्तरही एकच यायचं. "आत्ताच हो, मॅडम." त्या 'आत्ताच'वर मी कधी विश्वास ठेवला नाही.

आणि आता माझ्याच उजव्या बाजूला, काखेच्या थोडं अलीकडे, एक गाठ आहे.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला उटणं चोळताना बोट अडलं. आधी वाटलं, उटण्याचा खडा राहिलाय. पाणी ओतलं. खडा वाहून जाईना. मग मी बाथरूममध्ये पाटावर बसून राहिले, अंगावरचं उटणं वाळून कातडी ओढायला लागेपर्यंत. बाहेर बेल वाजली. शकूच्या घरी त्या वर्षी दिवाळी नव्हती, म्हणून भाग्यश्रीला मी फराळाला बोलावलं होतं. अंग पुसलं, दार उघडलं, आणि तिला म्हटलं, "उशीर केलास. चकल्या सादळल्या आता, तशाच खा." चकल्या सादळल्या नव्हत्या. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून बोलले.

तेव्हापासून मी कोणाला काही सांगितलं नाही. आधी दिवाळी जाऊ दे म्हटलं, मग तुळशीचं लग्न, मग शकूचं वर्ष. वर्षाच्या आत त्या घरात पुन्हा कॅन्सर हा शब्द न्यायचा नाही, असं स्वतःला बजावलं. दत्तप्रसादांचा फोन ठेवल्यावर मात्र देवघरापुढे उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "संस्था ठरली, की दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे जाईन. त्याच्या आधी नाही." देव बिचारे काय बोलणार. आणि खरं सांगायचं तर पोटात आणखीही एक होतं. त्याच रोगाच्या नावानं एवढी देणगी दिल्यावर तो रोग आपल्या दारात कशाला येईल? लोकांचे असले हिशेब मोडून काढण्याचा मला पगार मिळायचा, आणि हा माझा स्वतःचा हिशेब.

भाग्यश्री खराडीला आयटीत आहे. गाडी तिची, संस्था शोधायचं कामही तिचं. नाकारायचं काम माझं.

"मावशी, मी शॉर्टलिस्ट केलीये," पहिल्याच दिवशी ती म्हणाली. "सगळ्यांचे रिव्ह्यूज चांगले आहेत. तू फक्त बघ आणि फायनल कर."

पहिली संस्था बाणेरला निघाली, काचेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. राकेश नावाच्या कोट घातलेल्या तरुणानं आम्हाला गुबगुबीत खुर्च्यांत बसवलं आणि भिंतीवर एक फिल्म लावली. केस गेलेली लहान लहान मुलं, मागे बासरी. भाग्यश्री डोळे पुसायला लागली. मी मुलांकडे न बघता फिल्मच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत बसले, कारण मुलांकडे बघितलं असतं तर माझा हात आपोआप उजव्या बाजूला गेला असता.

"पेशंट कुठे असतात तुमचे?" मी विचारलं.

"मॅडम, हे आपलं कॉर्पोरेट ऑफिस आहे."

"आपलं नाही, तुमचं. पेशंट कुठे असतात?"

त्यानं दुसरी फिल्म लावायला घेतली. मी उठले. खोट सापडली की मला अजूनही बरं वाटतं, आणि त्या दिवशी जरा जास्तच बरं वाटलं. लिफ्टमधून खाली येताना मी चक्क गुणगुणत होते. संस्था ठरली नव्हती. म्हणजे डॉक्टर नाही.

पुढच्या शनिवारी स्वारगेटजवळची संस्था बघितली. ऑडिट झालेला अहवाल मागितला, तर "मेल करतो" म्हणाले. बाद. त्यानंतरच्या ठिकाणी संस्थापकांच्या फोटोला हार घातलेला होता आणि संस्थापक त्याच फोटोखाली बसून पोहे खात होते. बाद. आणखी एका ठिकाणी सगळं चांगलं होतं, पण त्यांनी आम्हाला पाणी विचारलं नाही.

"पाणी?" भाग्यश्री गाडीत म्हणाली. "मावशी, सीरियसली? पाण्यावरून तू रिजेक्ट केलंस?"

"जे आल्यागेल्याला पाणी विचारत नाहीत, ते रुग्णाला काय विचारणार?"

हे वाक्य मला स्वतःला इतकं पटलं की क्षणभर मी खरंच संस्थाच निवडतेय असं वाटलं.

सिग्नलला गाडी थांबली. भाग्यश्री समोर बघत म्हणाली, "मला ना, आईचा अजून राग येतो. तिला कळलं होतं. स्वतःला कळलं होतं आणि ती गप्प बसली. का, तर मला नवा जॉब लागलाय, मला टेन्शन नको. मला टेन्शन नको! लोक म्हणतात ती किती सोसायची, किती प्रेम करायची. करत असेल. पण हे मी तिला माफ नाही करू शकत. आधी सांगितलं असतं तर आज ती असती."

मी खिडकीबाहेर बघितलं. सिग्नल कधी सुटतोय याची वाट बघत होते. पाण्याची बाटली तिच्या बाजूला होती. ती मागायचीसुद्धा मला भीती वाटली. आवाजावरून तिला कळेल असं वाटलं.

घरी मी रोज तपासते. तपासायचं नाही असं रोज ठरवते आणि तपासते. पहिल्यांदा ती हरभऱ्याएवढी वाटली होती. मग एके दिवशी मंडईत आवळे निवडताना हात थांबला. ढिगातला सगळ्यात लहान आवळा मी उचलला, दोन बोटांत धरला, आणि परत ठेवला. भाजीवाली म्हणाली, "काय झालं काकू? किडका नाही तो." मी आवळे न घेता घरी आले. त्या वर्षी मोरावळा घातला नाही.

येरवड्याची जागा भाग्यश्रीनं कुठून शोधली, माहीत नाही. बाहेरगावाहून किरणोपचारांना येणाऱ्या रुग्णांसाठी राहायची सोय होती. बैठं, जुनं घर. अय्युबभाई आणि त्यांच्या बेगम कमरजहां ते चालवत. अय्युबभाईंचं पूर्वी फर्निचरचं दुकान होतं. कमरजहांच्या आई याच रोगानं गेल्या, तेव्हापासून त्यांनी हे सुरू केलं.

मी बोट फिरवून बघितलं, फडताळावर धूळ नव्हती. संडास बघितले, स्वच्छ. प्रत्येक कुटुंबाला स्वयंपाकाला वेगळी शेगडी. मी तोंड उघडायच्या आत कमरजहांनी अहवाल माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "आप आरामात बघा, उल्काताई. काही चुकत असेल तर सांगा, आम्ही सुधारू."

मी चुका शोधत गेले आणि एकही सापडेना. कधी नव्हे ते मला कामात घाम फुटला. ही संस्था चांगली होती. ही घ्यावीच लागणार होती. म्हणजे उद्या. उद्या डॉक्टर, उद्या ते मशीन, उद्या तो पांढरा लिफाफा, जो शकूच्या हातात बघितल्यावर मला सगळं कळलं होतं.

तेवढ्यात एक बाई चहा घेऊन आली. वाशीमकडची होती. डोक्याला स्कार्फ, एक हात सुजलेला. माझ्या शेजारी चटईवर बसली, माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं, आणि मायेनं विचारलं, "तुमचं कोनतं हाये, बाई? छातीचं का?"

"आम्ही देणगीदार आहोत!" मी म्हणाले.

म्हणाले कसली, ओरडलेच. बाहेर पोळ्या लाटणाऱ्या बायका लाटणं थांबवून बघायला लागल्या. त्या बाईचा चेहरा एवढासा झाला. "चुकलं, बाई," ती म्हणाली. "तोंडावरून वाटलं."

तोंडावरून. मी कप खाली ठेवला तर बशीवर तो वाजतच राहिला. भाग्यश्री कमरजहांशी बोलत होती म्हणून तिनं बघितलं नाही. मी उठले आणि चपला घालून सरळ गाडीत जाऊन बसले.

"आता काय झालं?" भाग्यश्री आली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसली. "ही जागा परफेक्ट होती."

"जिना अरुंद आहे. आजारी माणसानं चढायचं कसं?"

"मावशी," ती सावकाश म्हणाली, "तिथे जिनाच नाहीये."

मी सीटबेल्ट ओढून लावला. ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मग तिनं गाडी सुरू केली. माझ्या दारात तिनं विचारलं, "तुला नक्की काय हवंय?" मला काय हवं होतं ते सांगता येण्यासारखं असतं, तर मी तेव्हाच सांगितलं असतं. मला वेळ हवा होता. शकूनंही तोच घेतला होता.

दत्तप्रसादांचा पुन्हा फोन आला. "उल्काताई, तिथी येत्या सोमवारी आहे. आता कुठल्याही बऱ्या संस्थेला द्या. शकू काही तपासायला येणार नाही."

"मी आहे ना तपासायला," मी म्हणाले आणि फोन ठेवला. हे इतकं तोडून बोलायचं कारण नव्हतं. त्यांनी माझ्या बहिणीचं सगळं केलं होतं, शेवटपर्यंत, हातानं. पण भीती वाटली की मी तोडूनच बोलते. आयुष्यभर माझ्या ऑफिसातली माणसं मला खमकी समजली ती याच्यामुळेच असणार.

शनिवारी सकाळी भाग्यश्री न विचारता आली. "हे शेवटचं," ती म्हणाली. "हडपसरच्या पुढे मांजरी गावात एका ट्रस्टची तपासणीची गाडी उभी असते. ऊसतोडीच्या बायकांसाठी. आज कॅम्प आहे. बघ, आणि हो किंवा नाही सांग. नाही म्हणालीस तर मी येरवड्याला देणार, बाबांना सांगून टाकलंय."

म्हणजे काहीही झालं तरी आज संस्था ठरणार होती. मी सगळ्या वाटेवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. हडपसर मागे पडलं. एका बाजूला नव्या सोसायट्यांचे मनोरे, दुसऱ्या बाजूला उभा ऊस, आणि मधल्या मोकळ्या जागेत तोडकऱ्यांच्या कोप्या, उसाच्या पाल्यानं शाकारलेल्या झोपड्या. तिथे एक पांढरी गाडी उभी होती, मागच्या दाराला हिरवा पडदा. पुढे मांडव घालून बाकडी टाकली होती. बाकड्यांवर बायका बसल्या होत्या, साडीवर नवऱ्याचे शर्ट चढवून, तशाच फडावरून आलेल्या. हवेत उसाच्या पाचटाचा वास होता. थंडी असून माझी पाठ ओली झाली होती.

गाडीची जबाबदारी नाजिमा सिस्टरांकडे होती. मध्यम वयाच्या, बोलायला सडेतोड. मी माझं ठरलेलं सुरू केलं, "आपला मागच्या वर्षीचा अहवाल..."

"देते. पण आधी इथे बसा, मॅडम." त्यांनी एक स्टूल पुढे केलं. "आमची पद्धत आहे. देणगी द्यायला येणाऱ्यानं आधी गाठ शोधायची. आम्ही काय शोधतो ते बोटांना कळल्याशिवाय आम्ही कोणाची मदत घेत नाही. मोठमोठे साहेब येतात, त्यांनापण बसवते मी."

टेबलावर रुमालाखाली काहीतरी झाकलेलं होतं. त्यांनी रुमाल उचलला. खाली रबराची छाती होती, बाईची, कातडीच्या रंगाची. बाकड्यावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. या बायकांनाही त्या आधी तेच शिकवत होत्या, मग पडद्याआड नेऊन तपासत होत्या.

"ताई, आधी तुम्ही," नाजिमा भाग्यश्रीला म्हणाल्या.

"नको," भाग्यश्री एकदम म्हणाली आणि मागे सरली. "मी नको. मावशी करेल."

मी तेव्हा तिच्याकडे नीट बघितलं असतं तर मला कळलं असतं. पण माझं लक्ष त्या रबराकडे होतं. मी स्टुलावर बसले.

"बोटांची टोकं नाही, पेरं ठेवा," नाजिमा सांगायला लागल्या. "हळूहळू गोल फिरवत जा. आत तीन-चार गाठी दडवल्यात. एक सापडेल ती सरकते, मऊ असते. ती बहुतेक साधी. बहुतेक म्हणतेय मी, दाखवायची तीपण. सगळ्यांत खोल एक आहे, ती भल्याभल्यांना सापडत नाही."

मी डोळे मिटले. रबर थंडगार होतं, ही माझी नाही, असं मी मनाशी म्हणत होते. मऊ गाठ बोटाखालून सरकली. हीच असू दे, माझी अशीच असू दे. दुसरी लागली, तीही सरकली. मग काखेच्या बाजूला पेरं खाली दाबली, आणि ती लागली. कडक. जागची न हलणारी. मी ती ओळखली. एखाद्याच्या घरी जावं आणि आपल्याच घरातला तांब्या तिथे दिसावा तशी ओळखली. खात्री करून घ्यायला पुन्हा दाबलं. पुन्हा. तिचा काठ कुठे संपतो, ती किती खोल आहे, माझीही इथेच संपते का, एवढीच आहे का.

आजूबाजूचं हसणं थांबलं होतं.

मी डोळे उघडले. पहिल्या बाकड्यावर गोदाबाई नावाची एक म्हातारी बसली होती, मघाशी तिलाच नाजिमा शिकवत होत्या. ती माझ्याकडे बघत होती, पण त्या रबराकडे नाही, माझ्या अंगाकडे.

"अगं बया," ती म्हणाली. "ह्या बाईला हाय."

तेव्हा मी खाली बघितलं. माझा उजवा हात टेबलावरच्या छातीवर होता आणि डावा हात माझ्याच पदराखाली होता. तो तिथे कधी गेला, मला कळलंच नव्हतं. दोन्ही हात एकाच वेळी एकच काम करत होते. मी सगळ्यांच्या देखत ताडून बघत होते.

भाग्यश्री माझ्या समोर उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चाललेला मला दिसला आणि मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलावं, त्या म्हातारीला झापावं, उठून गाडीत जाऊन बसावं. पण मी फक्त हात पदराबाहेर काढला.

नाजिमांनी रुमाल परत घातला, माझ्या दंडाला धरून उठवलं आणि म्हणाल्या, "या. पायऱ्या उंच आहेत, जपून."

पडद्याआड एक अरुंद पलंग होता आणि एक दिवा. भाग्यश्री माझी पर्स घेऊन मागोमाग आत आली. मी म्हटलं, "तू बाहेर थांब." ती थांबली नाही, दाराशी पाठ टेकून उभी राहिली.

नाजिमांनी हात धुतले, पुसले, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

माझाच प्रश्न. तोच सूर, तीच सवयीची घाई. समोरच्याचा चेहरा पडू नये म्हणून मी मान वर न करता विचारायची, तशीच त्यांचीही मान खाली होती.

"आत्ताच," मी म्हणाले.

आणि माझ्यापुढच्या खुर्चीत बसून गेलेली सगळी माणसं मला आठवली. मी त्यांना लबाड समजत होते. असतीलही थोडी. पण बाकीची फक्त इतकी घाबरलेली असणार, जितकी मी आत्ता होते.

"आत्ताच नाही," मी म्हणाले. "दिवाळीत. पहिल्या अंघोळीला, उटणं लावताना."

भाग्यश्रीकडे बघायचं धाडस मला झालं नाही. पण ती हिशेब जुळवतेय हे मला ऐकू येत होतं. बेल, दार, फराळाचं ताट, सादळलेल्या चकल्या. नंतरचे सगळे शनिवार, गुणगुणणं, पाणी, जिना.

"अगदी आईसारखं," ती म्हणाली. तिनं पर्स पलंगाच्या पायथ्याशी ठेवली आणि पडदा सारून निघून गेली.

ओरडली असती तर मला चाललं असतं. नाजिमांचा हात अंगाला लागला तेव्हा मी तपासणीकडे लक्षच देत नव्हते, बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज येतो का ते ऐकत होते. ती गेली तर ते बरोबरच होतं. आईला माफ करत नव्हती ती मला कशाला करेल?

"उठा," नाजिमा म्हणाल्या. "गाठ आहे. कसली आहे ते हातानं कळत नाही, आणि उगाच धीर द्यायला मी काही सांगणारही नाही. पुढची तपासणी उद्याच, रविवारीही होते. आज चिठ्ठी देते. उद्या म्हणजे उद्या, मॅडम, अहवाल बघून झाल्यावर नाही."

"आणि काही असलं तर?"

"असलं तर उपचार आहेत. उशीर झालाय का ते उद्या कळेल."

मी पर्स उचलून पायऱ्या उतरले. उन्हात डोळे दिपले, आधी काही दिसेना. आमची गाडी जागेवरच होती. आणि भाग्यश्री बाकड्यावर बसली होती, गोदाबाईच्या शेजारी, तिच्या त्या ऑफिसच्या कपड्यांत. हातात नंबराची चिठ्ठी होती.

मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. "हे काय?"

"माझा नंबर आहे."

"तुला... तुला काही लागलंय का? कुठे?"

"माहीत नाही." ती चिठ्ठीच्या घड्या घालत होती, उलगडत होती. "मी कधी बघितलंच नाही, मावशी. आई गेल्यापासून मी हातच लावला नाही. अंघोळ करते तर बघत पण नाही. आईवर एवढी चिडते, आणि मी काय वेगळं करतेय? आईला होतं, आता तुला... मला इतकी भीती वाटते ना." तिचा आवाज फुटला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

"भाग्यश्री," आतून हाक आली.

ती उठली. पडद्यापाशी जाऊन मागे वळली. "तू इथेच थांब. जाऊ नकोस."

पडदा पडला. मी तिच्या जागी बसले. गोदाबाईनं सरकून जागा केली, आणि आपला खरखरीत हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. पर्समध्ये फोन वाजायला लागला. दत्तप्रसाद.

"उल्काताई, ठरली का संस्था?"

मी त्या हिरव्या पडद्याकडे बघत होते. "ठरली," मी म्हणाले.

"अरे वा! तुम्हाला पसंत पडली म्हणजे कमालच. कुठली?"

"मांजरीची. दत्तप्रसाद, तुम्ही रिक्षा करा आणि इकडे या. आम्ही दोघी इथेच आहोत."

या माणसानं शकूचा असलाच फोन घेतला होता, असल्याच आवाजातला. त्यांना बाकी काही सांगावं लागलं नाही. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मग त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "कोण?"

दिवाळीपासून मी रोज देवघरापुढे उभी राहून एकच मागत होते, मी नसू दे. पडदा हलला, पण कोणी बाहेर आलं नाही, वाराच होता.

"मी," मी म्हणाले. आणि फोन कानाला तसाच धरून त्याच देवाला म्हटलं, मीच असू दे. फक्त मीच.